दारुमाचा उजवा डोळा

मी दारुमा बोलतोय. बोलायची मला मुळीच हौस नाही. पण माझ्याविषयी या शहरात इतकं चुकीचं बोललं गेलंय, आणि तेही माईक हातात घेऊन, की एकदा मीच तोंड उघडलेलं बरं.

मी एक बाहुला आहे. कागदाचा लगदा साच्यावर चढवून, वाळवून, वर लाल रंग दिलेला. हात नाहीत, पाय नाहीत. बुडाशी मातीचं वजन आहे, त्यामुळं कुणी ढकललं तरी डुलत डुलत पुन्हा उभा राहतो. भुवया जाड आणि कपाळाला आठी. ती आठी कारागिरानं काढली. ती टिकवायचं काम पुढं माणसांनी केलं.

जपानमधलं ताकासाकी हे माझं गाव. ज्या साधूच्या रूपावरून आम्हाला घडवतात तो मूळचा तुमच्याच दक्षिण देशातला, असं तिकडं सांगतात. तो म्हणे नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला होता. मला त्याचं नवल वाटत नाही. माणसांकडं तोंड करून बसण्यापेक्षा ते बरंच.

आमची जात जन्मतः आंधळी. डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे गोल. जो नेतो तो मनात एक इच्छा धरतो आणि काळ्या शाईनं आमचा डावा डोळा काढतो. इच्छा पुरी झाली की उजवा. नाही झाली तर आम्ही तसेच काणे. दोन्ही डोळे मिळालेल्यांना वर्षअखेरीस देवळात नेतात, आभार मानतात आणि जाळतात. आमच्याकडं ही रीत फार जुनी. बरोबर की चूक हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

ओकाबेबाई नावाच्या एका म्हाताऱ्या, निवृत्त शिक्षिकेनं मला घेतलं. अजिंठा-वेरूळ बघायला ती इकडं आली, तेव्हा सामानात मी होतो. इथल्या एका विद्यापीठात पोरांचं ‘जपान मैत्री मंडळ’ आहे असं तिला कुणी सांगितलं. ती बिचारी खरं मानून तिथं गेली आणि मला त्यांच्या हवाली करून आली.

मंडळाचे मार्गदर्शक प्राध्यापक आप्पासाहेब. बारा वर्षांपूर्वी ते आठ दिवस जपानला गेले होते आणि त्या आठ दिवसांवर त्यांची बारा वर्षं निघाली. तिकडं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, हे सांगता सांगता ते तोंडातली सुपारी कुंडीत थुंकायचे. मला पहिला डोळा त्यांनीच काढला. म्हणजे जगात मला सगळ्यात आधी काय दिसलं, तर आप्पासाहेबांचं नाक. त्यावरून पुढचा अंदाज मला यायला हवा होता.

“या शहरात जपानी भाषेचं कायमचं केंद्र उभं राहील, तेव्हाच याला दुसरा डोळा,” असं ते माईकवर म्हणाले. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्या की या लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. मला लोखंडी कपाटावर ठेवलं आणि तीन वर्षं केंद्राचं नाव कुणी काढलं नाही.

कपाटावरून एका डोळ्यानं मी मंडळाचा कारभार बघितला. ते एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, तेव्हा खाली पडलेलं बटण शोधल्यासारखे दिसायचे. दोन काड्यांनी पोहे खाण्याची स्पर्धा घ्यायचे. पहिला नंबर येणारा शेवटचा घास हातानंच खायचा. ‘जपानी माणसाची वेळेची शिस्त’ या व्याख्यानाला पाहुणे सव्वा तास उशिरा आले आणि त्यांनी उशिराचं कारण सांगायला आणखी वीस मिनिटं घेतली.

मंडळाचा अध्यक्ष रामकिसन. वैजापूरकडच्या बागायतदार घरातला, उंचापुरा, बोलायला चटपटीत. त्याला जपानी वाक्यं येत होती अकरा. त्यातली चार हवामानावर. पण ती अकरा तो अशा झोकात म्हणायचा, की बाराव्याची गरज आहे असं कुणाला वाटू नये.

आणि एक सुगंधा होती. पडेगावची, धनगराच्या घरची. तिच्या बापानं, मुंजाबानं, मेंढरं विकून वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर पहारा धरला होता. आई बानाबाई दौलताबादच्या रस्त्यावर पाटी घेऊन पेरू-सीताफळं विकायची. लहानपणी ती आईच्या पाटीशी बसायची, तेव्हा वेरूळला जाणाऱ्या जपानी पाहुण्यांची बस तिथं थांबायची. त्यांच्याकडून पोरगी आधी आकडे शिकली, मग ‘गोड आहे’, मग ‘आत किडा नाही’. पुढं ओकाबेबाईंनी मंडळाला दिलेली पुस्तकं तिनं एकटीनं वाचून फाडायच्या बेताला आणली. बाकीच्यांनी त्यांच्यावर चहाचे कप ठेवले.

खोटं कशाला बोलू, मला तीही आवडत नव्हती. क्रियापदं पाठ करताना नखं खायची, आणि सभेत रामकिसन चुकीचं बोलला तरी गप्प बसायची. बरोबर येत असून गप्प बसणाऱ्यांचा मला चुकीचं बोलणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो.

मग ओकाबेबाईंचं पत्र आलं. जानेवारीत येते आहे, ‘जपान दिना’ला थांबेन. माझ्या गावच्या कॉलेजात एका विद्यार्थ्याची वर्षभर शिकायची-राहायची सोय केली आहे. मंडळानं शिफारस करावी, मी त्या मुलाशी बोलून ठरवीन.

जागा एक. रामकिसननं दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचे फोटो काढले. सुगंधाचं हे बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, आणि बापानं सांगून ठेवलं होतं की परीक्षा झाली की वाळूजला पॅकिंगला लागायचं, नाव दिलंय. तिनं आप्पासाहेबांना अर्ज दिला. त्यांनी तो न वाचता चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

जपान दिनाच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की कपाटावरच्या ओलीनं माझा लाल रंग उडालाय. रामकिसन सुगंधाला म्हणाला, “तुझा हात चांगला आहे, घरी ने आणि रंगवून आण. डोळ्याला हात लावू नको म्हणजे झालं.” आणि तिच्याकडं मला असं दिलं, जसं कुणी धुवायचे कपडे द्यावेत.

पिशवीत कोंबून, छावणीतून शेअर रिक्षानं, दोन माणसांच्या कोपरांमध्ये मी पडेगावला पोचलो. सुगंधानं संध्याकाळी मला रंगवलं आणि वाळायला देव्हाऱ्याशेजारच्या पेटीवर ठेवलं. देव्हाऱ्यात खंडोबाचे, बिरोबाचे टाक. वर पंचांग, त्यावर कसल्या कसल्या तिथींना लाल खुणा. सुगंधाची आई सोमवार करायची, चतुर्थी करायची, मार्गशीर्षात खंडोबाची सहा दिवसांची पूजा करायची. मी मनात म्हटलं, आलो पुन्हा मागणाऱ्यांच्याच घरात. इथं फक्त माईक नाही.

सकाळी बानाबाईनं आंघोळ करून देव पुसले, भंडार वाहिला, आणि तिची नजर माझ्यावर पडली. जवळ आली. माझं तोंड हातात धरून उजेडाकडं फिरवलं.

“काय रं बाबा,” ती म्हणाली, “येकच?”

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. कोनाड्यातून काजळाची डबी काढली, तुपाच्या दिव्यावर तिनं स्वतः धरलेलं काजळ. करंगळी बुडवली आणि माझ्या उजव्या गोलात, मूल रडू नये म्हणून आया जपतात तसं जपून, बुबुळ काढलं.

एका डोळ्यानं जग चपटं दिसतं. भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखं. ते मला ठाऊक नव्हतं, कारण दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आता एकाएकी बाईचा हात पुढं आला, तिचा चेहरा मागं गेला, आणि त्याच्याही मागं दार, आणि दारापलीकडं अंगण. सगळ्यांत अंतर होतं. मला काही क्षण तिरस्कार करायचं सुचलं नाही.

तेवढ्यात सुगंधा केस विंचरत आली आणि फणी तिच्या हातातून पडली. “माय, हे काय केलंस?”

तिनं आईला सगळी रीत सांगितली. एक डोळा कधी, दुसरा कधी, मंडळाचा संकल्प काय, आज कोण येणार, आणि हा डोळा बघून शिफारस कशी जाईल. बोलता बोलता तिनं पांढऱ्या रंगाची डबी उघडली, कुंचला बुडवला. बानाबाईनं तिचं मनगट धरलं.

“नाय. दिलेला डोळा काढत नसत्यात.”

“माय, माझं वर्ष जाईल.”

“मी येते संगं. म्या केलंय, मीच सांगते त्या बाईला. तुझ्यावर कशाला येऊ देते.”

तर अशी माझी वरात निघाली. बानाबाई इरकल नेसली, सोमवारचा उपास म्हणून बिनचहाची निघाली, आणि मला रिक्षात मांडीवर उघडं घेऊन बसली. पुढं बसलेल्या माणसानं विचारलं, कुठला देव. ती म्हणाली, पाव्हणा हाय.

कार्यक्रम दहाचा होता. ओकाबेबाई पावणेदहाला येऊन बसली होती. साडेअकराला समईची वात पेटेना म्हणून काडेपेटी शोधायला माणूस गेला. रामकिसननं सोफ्याच्या कव्हरासारख्या कापडाचा किमोनो शिवून घेतला होता आणि त्याची उजवी बाजू वर घेऊन बांधली होती. तिकडं असा पोशाख फक्त प्रेताला करतात. मी ते बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही. काही सुखं एकट्यानं भोगायची असतात.

माझे दोन डोळे बघून त्याला आनंद झाला. त्यानं तो लपवलाही नाही. मला उचलून थेट आप्पासाहेबांपुढं धरलं. “सर, बघा. मंडळाचा संकल्प हिनं मोडला. हिला पाठवायचं का?”

सुगंधा सांगू लागली, पण आप्पासाहेबांना तिच्याशी कर्तव्यच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दोन डोळे म्हणजे केंद्र झालं. बाई विचारणार, केंद्र कुठंय. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मग झालंय असंच सांगू,” ते म्हणाले. “फळा तर आहेच आपल्याकडं.”

तिरस्काराला तळ असतो असं मला वाटायचं. त्या क्षणी कळलं, की खाली आणखी जागा आहे.

रामकिसन माईकशी गेला. हवामानाची दोन वाक्यं झाली. मग मला उंच धरून, घाईघाईनं पाठ केल्यासारखं तो जपानीत म्हणाला, “केंद्र उघडलं. डोळा आला. धन्यवाद.” ओकाबेबाई उठून उभी राहिली. तिचे हात छातीशी गेले. ती म्हणाली, किती आनंद झाला, मला आत्ताच्या आत्ता दाखवा. रामकिसनला ते कळलं नाही. त्यानं तिसरं हवामान सांगितलं.

शेवटच्या रांगेत बानाबाईनं पोरीला विचारलं, काय बोलतोय त्यो. सुगंधानं सांगितलं. बाई पदर खोचून उठली आणि रांगांच्या मधून सरळ पुढं आली.

“केंद्र-बिंद्र काय नाय, बाई. डोळा म्या काढला, आज सकाळी. येका डोळ्याची मूर्त घरात ठेवत नसत्यात. राग मानू नका, पर तुमची ही रीत मला नाय पटली. आपलं काम होईस्तोवर दुसऱ्याला आंधळं ठेवायचं, ह्यो कसला नवस? नवस बोलला तर उपास आपुन करावा. त्यानं कामून?”

ओकाबेबाईनं रामकिसनकडं बघितलं. त्यानं घसा साफ केला आणि वाकून जपानीत म्हणाला, या आईला जपान फार आवडतं.

पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला असं फसवता येत नाही. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण समोरच्या बाईचा चेहरा काय बोलत होता ते दिसत होतं. तिनं आजूबाजूला नजर फिरवली आणि नखं खाणाऱ्या पोरीवर ती थांबली. “तू सांग,” ती म्हणाली.

आता आप्पासाहेबांनीही सुगंधाकडं बघितलं. तिचा अर्ज अजून त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली होता, आणि ते त्यांनी डोळ्यांनीच तिला सांगितलं. खरं सांगावं तर शिफारशीची सही गेली, पाहुणीच्या रीतीला नावं ठेवली म्हणून पाहुणीही गेली. गोड सांगावं तर दोन्ही राहिलं. इतकी वर्षं गप्प बसलेल्या या पोरीकडून मला काडीची आशा नव्हती.

ती पुढं आली. आईशेजारी उभी राहिली आणि एकेक वाक्य जपानीत सांगत गेली. केंद्र नाही, हे सांगितलं. डोळा कुणी काढला, हे सांगितलं. आणि ‘ही रीत मला पटली नाही’ यापाशी क्षणभर अडली, मग तेही सांगितलं, दुसऱ्याला आंधळं ठेवण्यासकट. कुठं मध घातला नाही. नखं पाठीमागं लपवली होती, ती मला दिसत होती.

ओकाबेबाईनं माझा उजवा डोळा जवळून बघितला. मग तिनं विचारलं, “डोळा काढताना आईनं काय मागितलं?”

सुगंधानं विचारलं. बानाबाईला प्रश्नच कळला नाही. “मागायचं काय त्यात?” ती म्हणाली. “त्याला दिसावं म्हणून काढला.”

हे वाक्य जपानीत गेलं तेव्हा ओकाबेबाई खुर्चीत बसली. हळू आवाजात म्हणाली, “माझ्या घरी एक आहे. नवरा आजारातून उठावा म्हणून मी त्याला एक डोळा काढला होता. नवरा गेला. अकरा वर्षं तो कपाटात तसाच बसलाय. मला त्याच्याकडं बघवत नाही.”

सुगंधानं ते आईला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

बानाबाई त्या म्हातारीजवळ खाली बसली. “मग घरी गेल्यावर द्या त्याला डोळा, माय,” ती म्हणाली. “त्याचा काय दोष.”

पुढं आप्पासाहेबांनी आभारप्रदर्शन केलं. ते मी ऐकलं नाही, आणि मला वाटतं कुणीच ऐकलं नाही. जेवणाच्या वेळी ओकाबेबाईनं त्यांच्याकडं सुगंधाच्या अर्जावर एका सहीची मागणी केली. ती म्हणाली, मला आवडणारी वाक्यं मला कुणीही सांगेल. न आवडणारं वाक्य पुरतं पोचवणारी ही एकच भेटली. आप्पासाहेबांना ते सुगंधानंच मराठीत सांगितलं, खाली मान घालून. त्यांनी डबी बाजूला केली आणि सही केली. पेन चालत नाही, अशी तक्रार करत केली, पण केली.

मुंजाबाचं मन वळवायला आणखी महिना लागला. तो काय म्हणाला आणि बानाबाई काय म्हणाली, हे घरातलं आहे. मी सांगणार नाही. चैत्रात पोरगी गेली. तिकडं त्याच सुमारास शाळा-कॉलेजं उघडतात. जाताना बानाबाईनं तिच्या कपाळाला भंडार लावला आणि पिशवीत पेरू घालू लागली. विमानात चालत नाहीत म्हणून पोरीनं काढले, आईनं पुन्हा घातले.

मला मात्र त्या जपान दिनालाच ओकाबेबाईनं बानाबाईच्या हाती दिलं, सगळ्यांच्या देखत. तेव्हापासून मी याच पेटीवर आहे. देव नाही, पण देवांच्या शेजारी. नाकावर कधी भंडार पडतो, कधी उदबत्तीची राख. काजळ ओघळलं की बाई पुसते आणि नवं घालते. माझ्याशी बोलतेही. बाजारात कोण काय म्हणालं, मुंजाबाची पाळी कुठली, पोरीचा फोन कधी आला. मागत मात्र काही नाही. तिचे उपास तीच करते. पहिल्या दिवशी तिला मी मागणाऱ्यांत मोजलं, ती माझी चूक. माझ्या हातून तेवढी एकच चूक झाली, असं माझं मत आहे.

बाकी माणसांविषयीचं माझं मत बदलायचं काही कारण घडलेलं नाही. मागच्याच आठवड्यात मंडळाची दोघं आली होती. यंदाचा अध्यक्ष आणि त्याच्याबरोबर एक मुलगी. पुन्हा जपान दिन आलाय, बाहुला हवाय. अध्यक्षानं खिशातून पांढऱ्या रंगाची बाटली काढून दाखवली. नवा संकल्प करायचा आहे, तर आधी दोन्ही डोळे पुसून घेऊ, सरांनी तसंच सांगितलंय, म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, जसं कुणी फळा पुसून घेऊ म्हणावं.

बानाबाईनं त्यांना बसवलं, चहा दिला. पोरं आपल्या पोरीच्या वयाची, म्हणून खारीही दिली. मग ती माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. तास झाला, दीड तास झाला. ती उठेना. अध्यक्षानं तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी ती मुलगीच म्हणाली, “चल, आपण कागदाचा लगदा करून नवा बनवू.” जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं, आणि तोंडानं नाही, पण डोळ्यांनी माफी मागितल्यासारखं केलं. तिचं नाव मला कळलं नाही. एवढ्यावरून काही ठरवायची मला घाई नाही.

आता माझं वय झालं. बुडाची माती सुटत चालली आहे, ढकललं तर मी पूर्वीसारखा पटकन उभा राहत नाही. दोन डोळ्यांच्या दारुमाला जाळतात, ही रीत सुगंधानं फोनवर आईला सांगितली. ती अजून हो म्हणत नाही, पण तिला समजावून सांगितलं तर म्हणेल. माझी हरकत नाही. आभार मानून जाळणं हा आमच्याकडं मान असतो.

फक्त थोडं थांबा. पोरगी उन्हाळ्यात परत येणार आहे. या दारात ती चपला काढील, आई हातातलं टाकून उठेल, तेवढं मला बघायचं आहे. आजवर मी लोकांच्या इच्छा वागवल्या. ही पहिलीच माझी स्वतःची. आणि तिच्यासाठी मी कुणाचाही डोळा अडवून ठेवलेला नाही.